आंबील आणि अंबली

मुधोळ म्हटले की बहुतेकांना बागलकोट जिल्ह्यातील घोरपड्यांचे मुधोळ आणि तेथील शिकारी कुत्री आठवतात. आमचे मुधोळ निराळे, बासरच्या सरस्वतीच्या शेजारचे. १९५६ च्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा ते नांदेड जिल्ह्यातून आदिलाबाद जिल्ह्यात आले. त्याच वाटणीत किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले. २०१६ पासून आमचा पत्ता निर्मल जिल्हा असा झाला आहे. आंबिलीला मात्र या वाटण्यांची झळ लागली नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना ती राहिली.

आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आंबवून केलेले पातळ पेय. प्राकृतात आंबटाला 'अंबिल' म्हणत. आमच्या तेलुगू शेजारणी तिला 'अंबली' म्हणतात. कानडी मुलखातही अंबलीच. रीतीत थोडा भेद आहे. आमच्याकडे रात्री पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून झाकून ठेवतात, सकाळी ते उकळत्या पाण्यात ओतून गुठळी न होऊ देता शिजवतात. मग मीठ, जिरे, ठेचलेला लसूण. शेजारणी पुष्कळदा आधी शिजवतात, निवल्यावर मडक्यात रात्रभर आंबू देतात आणि सकाळी ताक-कांदा घालून पितात. आंबिलीतल्या जिवंत जंतूंची हल्ली फार थोरवी सांगितली जाते. ती शेजारणींच्या मडक्याला शोभते. आमच्या आंबिलीतले जंतू रात्री आपले काम करतात आणि सकाळी चुलीवर संपतात. वरून ताक घातले तर त्यातले तेवढे पोटात जातात. तरी आंबवणे वाया जात नाही. धान्यातले लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल त्याने कमी होते.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या उत्तर भागात, हौसा लोक ज्वारी किंवा बाजरी भिजवून, वाटून, रात्रभर आंबवून 'कुनू' नावाचे पेय करतात आणि त्यात आले, लवंग, मिरी घालतात. त्याच मुलखात मोड आणलेल्या ज्वारीपासून 'बुरुकुतू' हे मादक पेयही होते. आमची आंबील त्या वाटेला गेली नाही, इतकेच.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात, पुरणपोळीच्या शेजारी, आंबिलीची वाटी नसेल तर आमच्याकडे ताट पुरे झाले असे कोणी म्हणत नाही. परंतु एरवी सुस्थितीतल्या घरांतून ती गडीमाणसांचे खाणे समजली जाई. सालगडी उन्हाळ्यातली दुपार तिच्यावर काढीत. तिच ओसरीवरून वाड्यात यायला वर्षातून एक दिवस. आता शिवारात कापूस आणि सोयाबीन, आणि ज्वारी दुकानातून आणावयाची. उलट हैदराबादच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात गाडीवाले अंबली पेल्यापेल्याने विकतात, आणि तेथे शिकणारी आमची नात ती आवडीने पिते. महालक्ष्म्यांपुढची आंबील तीच, हे कळल्यावर ती म्हणाली, "आजी, मग आपल्याकडे वर्षातून एकदाच का?"

तिच्या तोंडी तेलुगू शब्द आला याचे आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. दोन्ही शब्द एकमेकांचे भाऊबंदच. चिंता वाटते ती हाताची आणि नाकाची. पीठ पुरते आंबले की नाही, हे आमच्या सासूबाई झाकण उचलताच वासावरून सांगत. ते ओळखणारे घरात कोणी उरले नाही, तर आंबील म्हणा की अंबली, पेला गाडीवरूनच आणावा लागेल.

हल्ली आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पीठ भिजते. सुटीत आली की झाकण उचलण्याचा मान नातीचा. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. पौषात भांडे चुलीच्या उबेला ठेवावे लागते, आणि तरीही कधी कधी दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहावी लागते.