रात्रीची रोजकीर्द

चार दशके बँकेत काढल्यावर निवृत्त माणसाला झोप तरी मनसोक्त मिळावी, अशी अपेक्षा असते. मला आठ तास मिळत होते आणि तरीही सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटे. दुपारी वर्तमानपत्र हातातून गळून पडे. खारीतील आमच्या इमारतीत माझे घोरणे वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते, असा विनोद प्रचलित होता. त्याचे मला काही वाटत नसे. विचार करायला लावला तो सौभाग्यवतीच्या एका वाक्याने. ती म्हणाली, “अहो, तुमच्या घोरण्याने माझी झोप मोडत नाही. ते मध्येच थांबतं ना, तेव्हा मी उठून बसते.”

गेली दोन वर्षे ती माझ्या श्वासावर पहारा देत होती, हे मला तेव्हा कळले.

पुढे तपासणी झाली. अंगाला तारा लावून एक रात्र झोपवले. अहवालात लिहिले होते की दर तासाला सरासरी ३८ वेळा माझा श्वास थांबतो किंवा मंदावतो. निदान दहा सेकंदांचा अडथळा असेल तरच तो मोजतात. पाच ते पंधरा हे प्रमाण सौम्य, तीसच्या वर गेले की तीव्र. माझ्या खात्यात सर्वांत लांब नोंद ५२ सेकंदांची होती. घड्याळाकडे पाहून एवढा वेळ श्वास रोखून पाहावा, म्हणजे तिच्या पहाऱ्याचा अर्थ समजेल.

डॉक्टरांनी समजावले ते सोपे आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातील प्राणवायू उतरू लागला की मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, वाट उघडते आणि पुन्हा झोप लागते. सकाळी यातले काहीच आठवत नाही, पण रात्रभराचा ताण हृदयावर आणि रक्तदाबावर जमा होत राहतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निवर्तले, तेव्हा या विकाराचे नाव घराघरांत पोहोचले.

बँकेत असताना कर्जाच्या तपासणीसाठी मी अनेक पेढ्यांवर गेलो आहे. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलकी घेणारे शेठजी तेथे हमखास भेटत. पोट सुटलेले, मान आखूड आणि गाढ घोरणे ही आपल्याकडे सुखवस्तूपणाची खूण मानली जाते. हिशेब चालू असताना वाक्याच्या मध्येच ज्याचा डोळा लागतो, तो सुखी नसून आजारी असू शकतो. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत तर ही डुलकी प्राणाशी खेळ ठरते.

उपाय म्हणून सीपॅप नावाचे यंत्र आले. यात औषध नाही आणि प्राणवायूची टाकीही नाही. करोनाच्या आठवणीमुळे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “ऑक्सिजन लावलाय का?” यंत्र केवळ खोलीतील हवा ठरावीक दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडते. तो दाब घशाला आतून आधार देतो आणि वाट मिटू देत नाही. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ साली पाच रुग्णांवरील या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडण्यावाचून फारसा खात्रीचा मार्ग नव्हता. हे वाचल्यावर मास्कविषयीची माझी तक्रार बरीच सौम्य झाली.

सौम्य झाली, संपली नाही. पहिल्या रात्री मी एक तास चाळीस मिनिटे तग धरला. श्वास सोडताना समोरून कोणी दार लोटते आहे असे वाटे. मिशीमुळे मास्कच्या कडेने हवा निसटून डोळ्यांवर येई. चाळीस वर्षांची मिशी कातरावी लागली. तोंड उघडे राहत असल्यामुळे नाकापुरता मास्क चालेना, म्हणून नाक व तोंड दोन्ही झाकणारा घेतला. शेजारी झोपणारा नातू तो अवतार पाहून आईकडे पळाला, ते मात्र मनाला लागले.

मग डॉक्टरांच्या सल्ल्याने जागेपणी सराव सुरू केला. संध्याकाळी वाचताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, झोपेचा विचारच करायचा नाही. दाब हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रात असते, तीही चालू केली. किती तास वापर, किती गळती, किती अडथळे, हे यंत्र रोज सकाळी दाखवते. मी वही घातली. रोजकीर्द लिहिण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडली. पहिल्या आठवड्याची सरासरी तीन तासांच्याही खाली होती. बहुतेक रात्री चार तास गाठले तर डॉक्टर वापर नियमित धरतात. मला ते साधायला पाच आठवडे लागले. त्या महिन्यात अडथळ्यांचा आकडा ३८ वरून ४ वर आला. अनेक लोक सुरुवातीच्या काळातच यंत्र सोडून देतात. म्हणून आधी भाड्याने घ्यावे आणि दोन-तीन प्रकारचे मास्क लावून पाहावेत, असे मी ओळखीच्यांना सांगतो.

पाण्याविषयी आपल्या घरांत एक गैरसमज होईल, तो येथेच दूर करतो. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्रात पाण्याची छोटी टाकी असते. सौभाग्यवतीने प्रथम उकळून गाळलेले पाणी भरले. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात व टाकीत पापुद्रा धरतो. तेथे डिस्टिल्ड वॉटरच हवे. पावसाळ्यात आमच्या या खाडीकाठच्या दमट हवेत ओलावा कमीच ठेवावा लागतो, नाहीतर नळीत पाणी साचून मध्यरात्री हुक्क्यासारखे गुडगुडते.

रात्रिभोजनत्यागाचे व्रत आमच्या घरी पूर्वीपासून आहे; शेजारचे गुजराती कुटुंब चौविहार पाळते. पोट हलके ठेवून झोपणे या विकारात हिताचे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर आई हयात असती तर किती विजयी मुद्रेने हसली असती! वजन मात्र व्रताने उतरले नाही. सूर्यास्तापूर्वी काय आणि किती खाल्ले, हा प्रश्न उरतोच, आणि आपल्या घरांतील तूप-मिठाईविषयी मी अधिक न बोललेले बरे.

दुपारची डुलकी आता येत नाही. मान कुशीवर वळवून झोपण्याची सवय लागली. तिसऱ्या महिन्यात नातू परत आला. यंत्राचे बटण दाबण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला आहे. सौभाग्यवतीची झोप मात्र लगेच सुधारली नाही. इतक्या वर्षांच्या आवाजानंतरच्या शांततेने ती दचकून जागी होई आणि यंत्राचा बारीक हिरवा दिवा पाहून पुन्हा आडवी होई. आता ती पहाटेपर्यंत झोपते. एकदा तर चहा मी केला.

दिवाळीनंतर श्रवणबेळगोळला जाण्याचे घाटते आहे. धर्मशाळेत उशाशी विजेचे बटण असेलच असे नाही. सौभाग्यवतीने सामानाची यादी केली आहे आणि पूजेच्या वस्त्रांच्याही आधी, पहिल्याच ओळीत लिहिले आहे: लांब वायरचा बोर्ड.