आईचं दार

वडील गेल्यावर आईला बार्शीकडच्या गावाहून बेगडेवाडीला आणलं. पुणं परवडलं नाही म्हणून आम्ही देहूरोड आणि घोरावाडीच्या मधल्या या लहान स्टेशनाजवळ फ्लॅट घेतला होता. गॅलरीतून घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो, हवा चांगली. मला वाटलं, शहराचा त्रास इथवर पोचत नाही.

सकाळच्या लोकलने आम्ही दोघं कामाला जायचो आणि रात्री परतायचो. आई आतलं लाकडी दार उघडं टाकून जाळीच्या दाराआड खुर्चीवर बसायची. जिन्यातून कुणी गेलं की विचारायची, "जेवलात का?" एका शेजाऱ्याने मला हटकलं. मी आईला म्हणालो, "आई, इथं असं बरं दिसत नाही." तिने मुकाट्याने दार लावून घेतलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

मग भूक गेली, पहाटे तीनलाच जाग येऊ लागली, छातीत धडधड. मी शुगर, थायरॉईड, ईसीजी सगळं करून घेतलं. डॉक्टर तिला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचो, "ॲसिडिटी आहे हो तिला." मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला मला लाज वाटत होती. लोक काय म्हणतील, याचीच धास्ती. त्यात वर्ष गेलं.

शेवटी तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं, तेव्हा निदान नैराश्याचं निघालं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजारांचं प्रमाण खेड्यांपेक्षा महानगरांत जास्त आढळलं होतं, आणि नैराश्याच्या 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जण उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. त्यांच्या घरीही माझ्यासारखंच कुणी असेल का, हा विचार मला फार छळतो.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. ती हसू-बोलू लागली तशा मीच गोळ्या बंद केल्या. सवय लागेल, या भीतीने. दुखणं उलटलं. या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नसतात. निदान टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर तरी विचारायला हवं होतं.

आता गोळ्या नियमित चालू आहेत. तळमजल्यावरच्या मावशींबरोबर ती देहूरोडच्या बाजारात जाते, सुगीला गावी राहते. मागच्या तपासणीला तिने मला बाहेरच बसवलं. मी मध्येमध्ये बोलतो, अशी तिची तक्रार होती, आणि ती खरी आहे.