दहा बोटांचा अपूर्णांक

जिथे बसून वाचत असाल तिथेच उजव्या हाताचा अंगठा उजेडाकडे जरा तिरपा धरा. टोकावरच्या रेघा गोल गोल फिरून आपल्यातच मिटल्या असतील तर ते चक्र. एका बाजूने आत शिरून, वळसा घेऊन त्याच बाजूला परतल्या असतील तर शंख. लहानपणी आपण सगळ्यांनीच हे पाहिलेलं असतं, दहाही बोटांना चक्रं असली की माणूस राजा होतो म्हणून! तिसरा प्रकार नुसत्या कमानीचा, तो क्वचितच सापडतो. आता बाकीची नऊ बोटंही पाहून घ्या, कारण या चक्रांमधून एक गणित निघतं. ते मला कळल्यापासून भेटेल त्याचे हात धरून मी बोटं मोजत बसते आहे.

गणित असं. बोटांना क्रमांक द्यायचे. उजवा अंगठा 1, तर्जनी 2, असं करत उजवी करंगळी 5. मग डावा अंगठा 6 आणि डावी करंगळी 10. पहिल्या दोन बोटांची किंमत प्रत्येकी 16, पुढच्या दोघांची 8, मग 4, मग 2 आणि शेवटच्या दोघांची 1. चक्र असेल त्याच बोटाची किंमत धरायची, बाकीच्यांचं शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज करून त्यात 1 मिळवला की अंश, विषम क्रमांकांचं तसंच केलं की छेद. माझ्या दोन्ही अंगठ्यांवर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे. अनामिका चौथी, तिचे 8. डावा अंगठा सहावा, त्याचे 4. एक मिळवून 13. खाली उजव्या अंगठ्याचे 16 आणि एक, 17. म्हणजे मी 13/17!

एकही चक्र नसेल तर 1/1. दहाही असतील, म्हणजे तो राजा असेल, तर 32/32. बत्तीस गुणिले बत्तीस, 1024. आणि 1890च्या दशकात कलकत्त्याच्या पोलीस कचेरीत अक्षरशः 1024 खणांची मांडणी होती. पकडलेल्या माणसाने नाव काहीही सांगो, त्याची बोटं शाईत बुडवा, बेरीज करा आणि त्याच्या खणाशी जा. हजारो कागद उपसायचे नाहीत, मोजके उघडायचे. 16, 8, 4, 2, 1 या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. चक्र आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. संगणकाचा पत्ताही नव्हता तेव्हा कुणीतरी माणसाच्या हातातून द्विमान संख्या वाचत होतं!

कुणीतरी म्हणजे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. दोघंही बंगाल पोलिसांतले. हक कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले. त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री, बंगालचे पोलीस महानिरीक्षक. तोवर गुन्हेगार ओळखायला फ्रान्समधल्या बर्तियों यांची पद्धत चाले. डोक्याची लांबी, पायाची लांबी, हाताची लांबी मोजून कार्डावर लिहायची. मोजणारा बदलला की आकडे बदलत. 12 जून 1897 रोजी सरकारने अंगुलिमुद्रांना मान्यता दिली, 1901 साली हेन्री लंडनला स्कॉटलंड यार्डात गेले आणि जगभर ही पद्धत ‘हेन्री पद्धत’ म्हणून पसरली. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर झाले, पण पद्धतीला नाव साहेबांचंच राहिलं. मला हे फार लागलं. आता ब्रिटनमधल्या फिंगरप्रिंट सोसायटीने दोघांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे, हे वाचून मात्र बरं वाटलं.

1898 मध्ये जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या एका व्यवस्थापकाचा खून झाला. घरात बंगाली पंचांग सापडलं, त्यावर तपकिरी डाग. डागातला ठसा पूर्वी चोरीत शिक्षा भोगलेल्या त्याच्याच जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल नाही. अंगठा तिथे होता एवढं ठसा सांगतो, त्या हाताने काय केलं ते सांगत नाही. इतक्या नव्या साधनापुढे कोर्टाने राखलेलं हे भान मला त्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

याच्याही मागे गेले तर विल्यम हर्शेल भेटले. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या ठेकेदाराचा अख्खा पंजा कागदावर उमटवून घेतला. पुढे 1877 मध्ये हुगळीला त्यांनी दस्तनोंदणीत आणि पेन्शनवाटपात बोटांचे ठसे सुरू केले, मेलेल्यांच्या नावावर दुसऱ्यांनी पेन्शन उचलू नये म्हणून. वाचता वाचता मी उडालेच! आमचे बाबा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात तो हाच की! 2014 पासून तो ‘जीवन प्रमाण’ म्हणून डिजिटल झाला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला तरी पेन्शनरला तोच प्रश्न, आणि उत्तर द्यायला तेच बोट.

फक्त बाबांचं बोट उत्तर देत नाही. आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलं, बोटांच्या रेघा लोखंडाने घासून गेल्या. ‘काका, अंगठा लागत नाहीये, दुसरं बोट लावा,’ हे वाक्य त्यांनी किती काउंटरांवर ऐकलं असेल. ते का होतं हेही आता कळलं. रेघा म्हणजे शेतातल्या सरी-वरंब्यांसारखे उंचवटे आणि खाचा. मोबाइलच्या अनेक सेन्सरांवर उंचवटा टेकतो, खाचेत हवा राहते, आणि दोन्ही ठिकाणची विद्युत धारिता वेगळी मोजली जाते. त्यातून रेघ कुठे संपते, कुठे फुटून दोन होतात, ती ठिकाणं टिपली जातात आणि त्यांच्या जागा व कोन आकड्यांत साठवले जातात. वरंबाच झिजला तर टिपणार काय? म्हणून पेन्शनरांसाठी 2021 मध्ये चेहऱ्यावरून पडताळणी आली. बाबा आता मोबाइलकडे पाहून डोळे मिचकावतात आणि त्यांचं काम होतं.

दोन प्रश्नांमधला फरक समजला तेव्हा तर मी रात्री उठून नवऱ्याला सांगत बसले. ‘तू तोच का?’ हा एक प्रश्न आणि ‘तू कोण?’ हा दुसरा. मोबाइल पहिला विचारतो. तुमचा नमुना त्याच्याच चिपच्या बंद कप्प्यात असतो, बँकेच्या ॲपला फक्त हो किंवा नाही कळतं. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र सगळ्यांचे नमुने एका जागी लागतात. धोका तिथे साठतो. 2015 मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्यातून 56 लाख माणसांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड बदलता येतो, तर्जनी कुठून बदलून आणायची?

शिवाय ठसा गुपित नसतोच. पेल्यावर, कडीवर, दस्तावर आपण तो सोडून येतो. 2002 मध्ये जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी साध्या जिलेटिनची बोटं करून सेन्सर फसवून दाखवले. आणि 2018 साली तेलंगणात एकाने जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे इंटरनेटवरून उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि सिमकार्डं चालू केली. हर्शेलने फसवणूक थांबावी म्हणून दस्तावर घेतलेला अंगठा फसवणुकीच्याच कामी आला! म्हणून मला वाटतं, बोट जिवंत आहे का हे तपासणारं यंत्र आणि नमुना कुठे ठेवला हे स्पष्ट सांगणारी व्यवस्था, दोन्ही मागायचा आपल्याला हक्क आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हात आखडता घ्यायचं कारण नाही.

एक गोष्ट तर आजच करता येते. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावलं की आपलं बोट, डोळा, चेहरा वापरून आधारची पडताळणी होत नाही, लागेल तेव्हा आपणच उघडायचं. घरातल्या सगळ्यांचं मी लावून दिलं, शेजारच्या काकूंचंही. रेशनच्या दिवशी आधी उघडायचं, हे त्यांच्या कॅलेंडरवर लिहून आले.

आणि आता डोळे! केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा 2048 बिटांचा संकेत बनवला, अवघ्या 256 बाइटचा. आपल्यासारख्या गडद तपकिरी डोळ्यांतली नक्षी साध्या उजेडात दिसत नाही, म्हणून कॅमेरा अवरक्त प्रकाश वापरतो. जुळ्या भावंडांचे संकेत जुळत नाहीत हे मी धरून चालले होते. पण एकाच माणसाचा डावा आणि उजवा डोळासुद्धा दोन अनोळखी माणसांइतके वेगळे निघतात!