सव्वीसचा मीटर, अठ्ठावीसचे चाक

आमच्या घरी रंगीत टी.व्ही. आला २००० साली, फ्रीज त्याच्याही नंतर. पण सायकलला मीटर मात्र १९९४ सालीच बसला होता! दापोडीच्या आमच्या चाळीत तेव्हा मोटारसायकल एकाकडेच होती आणि सायकल घरटी एक. अशा ठिकाणी सायकलच्या हॅण्डलवर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यात हलणारा काटा म्हणजे केवढी अपूर्वाई. आठवडाभर चाळीतली पोरे येऊन पाहून जात होती.

मीटर आणला होता मामांनी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भंगारातून कामाची वस्तू हुडकून काढण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. मीटरबरोबर ना डबा होता ना कागद. एक तबकडी, अडीच फुटांची काळी केबल आणि वाटीएवढी लोखंडी पेटी, एवढेच सामान. पंचवीस रुपये पडले, असे मामांनी सांगितले. आई म्हणाली, "दादा, पंचवीस रुपयांचा किराणा आणला असतास तर चार दिवस गेले असते." मामा हसले आणि म्हणाले, "ताई, किराणा संपतो. हा आकडा वाढतच जाईल."

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात १९७२ पासून कामाला होते. जायला-यायला काळी, उंच, सळईच्या ब्रेकची अठ्ठावीस इंची सायकल. पहिली पाळी असो की तिसरी, पाऊस असो की थंडी, सायकल चुकली नाही. "रोजचे अठरा किलोमीटर मारतो मी," असे ते कधीमधी म्हणत. शेजारचे काका त्यावर मान हलवत. "अठरा कुठले? सोळा असतील, फार तर साडेसोळा." हा वाद दोघांत वर्षानुवर्षे हसत-खेळत चालला होता. पण बाबांना ते कुठेतरी लागत असावे, हे आम्हा भावंडांना तेव्हा कळले नाही.

मीटर बसवायला आम्ही दोघे भाऊ आणि ताई नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी सायकल उलटी केली, पुढच्या चाकाचे नट सैल केले आणि ती वाटीसारखी पेटी चाक आणि चिमटा यांच्या मध्ये एक्सलमध्ये ओवली. पेटीला आतून एक जीभ असते. ती दोन आऱ्यांच्या मध्ये बसली पाहिजे, म्हणजे चाक फिरले की आरा जिभेला ढकलतो आणि पेटीतले दाते फिरतात. आपल्या सायकलचा एक्सल बारीक आणि पेटीचे भोक मोठे. म्हणून चाचांनी पत्र्याची पट्टी गुंडाळून मध्ये घातली. चिमटा थोडा फाकवावा लागला. केबल चिमट्याला दोन ठिकाणी बांधून वर हॅण्डलपर्यंत नेली. सळईचे ब्रेक आडवे येत होते, त्यामुळे तबकडी एका बाजूला तिरकी बसली.

चाक फिरवले तर काटा शून्याला चिकटून बसला आणि आकडे चक्क उलटे फिरू लागले! पेटी डाव्या बाजूला बसली होती. ती उजव्या बाजूची होती. आई दारातून पाहत होती. म्हणाली, "असू द्या तसाच. तुमच्या बाबांचे वय तरी कमी होईल." चाचांनी पुन्हा सगळे सोडले आणि उजवीकडे बसवले. या वेळी काटा डौलात वर चढला.

त्या तबकडीत काय असते, हे आम्हाला पुढे बाबांच्या खात्यातल्या एका फिटरकाकांनी समजावून सांगितले. केबलच्या आत पिळाची तार असते. ती फिरते आणि तिच्या टोकाचा चुंबक फिरतो. चुंबकावर अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. पण चुंबक फिरला की वाटीत वीज घुमू लागते आणि ती वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो तुमचा वेग. ही युक्ती ओटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली पेटंट केली. त्याच्याही आधी, १८९५ साली, अमेरिकेत कर्टिस व्हीडर याने चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर सांगणारे छोटे यंत्र खास सायकलसाठी पेटंट केले होते. म्हणजे ही कला मोटारीपेक्षा आधी सायकलच्या चाकाला चिकटली, हे ऐकून आम्हाला फार बरे वाटले.

सोमवारी बाबा मीटर लावून पहिल्या पाळीला गेले. आम्ही संध्याकाळची वाट पाहत होतो. शेजारचे काकाही मुद्दाम ओट्यावर येऊन बसले होते. बाबा आले, सायकल स्टँडवर लावली, आणि आम्ही आकडा वाचला. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर आणि वर सहा.

काकांनी टाळी दिली. "काय म्हणत होतो? साडेसोळा!"

बाबा काही बोलले नाहीत. हातपाय धुऊन चहा घेतला. मग हळूच म्हणाले, "मी रस्त्यावरचे दगड मोजलेत. दगड खोटे कसे असतील?" काका गेल्यावरही ते बराच वेळ गप्प होते. बावीस वर्षे पाय मारणाऱ्या माणसाला पंचवीस रुपयांच्या यंत्राने एका दिवसात खोटे ठरवले होते.

ताईला ते सहन झाले नाही. ती नुकतीच दहावी पास झाली होती आणि गणितात तिला चांगले मार्क होते. रविवारी सकाळी आम्ही तिघे सायकल घेऊन जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर निगडीच्या बाजूला गेलो. एक जण चालवायला, बाकीचे मागून भाड्याच्या सायकलवर. किलोमीटरच्या दगडापासून सुरुवात करून पाच दगड मोजले. पाच किलोमीटर झाले, मीटर दाखवत होता चार पूर्णांक सहा. परत येताना पुन्हा मोजले. तेच.

घरी आल्यावर ताईने टायरवर खडूची खूण केली. बाबांना सीटवर बसवले, कारण माणूस बसला की टायर थोडा दबतो. चाकाची बरोबर एक फेरी होईल एवढी सायकल ढकलली आणि आईच्या शिवणकामाच्या टेपने जमिनीवरचे अंतर घेतले. दोन मीटर चोवीस सेंटिमीटर. मग चाचांकडून पेटी काढून ग्रीस पुसले, तर तिच्या पाठीवर आकडा ठोकलेला सापडला, २६. मीटर सव्वीस इंची चाकासाठी बनवलेला होता! ते चाक एका फेरीत दोन मीटर सात सेंटिमीटरच्या आसपास जाते. आपले चाक मोठे. ते एका फेरीत जास्त अंतर तोडते, पण मीटर बिचारा फेऱ्याच मोजतो आणि प्रत्येक फेरीला लहान चाकाचाच हिशोब लावतो.

ताईने वहीत मांडले. सोळा पूर्णांक सहाला शून्य पूर्णांक ब्याण्णवने भागले. उत्तर आले अठरा.

संध्याकाळी ती वही घेऊन स्वतः काकांकडे गेली. काका मोठ्या मनाचे. त्यांनी चष्मा लावून सगळा हिशोब पाहिला आणि ओट्यावर येऊन सर्वांसमोर म्हणाले, "माझं चुकलं. अठराच." मग ताईने पुढचा हिशोब वाचून दाखवला. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी बावीस वर्षांत एक लाख अठरा हजार आठशे किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांवर थोडा. म्हणजे बाबांनी दापोडी-चिंचवड करता करता पृथ्वीला जवळजवळ तीन फेऱ्या मारल्या होत्या. बाबा हसले, पण आईने डोळ्याला पदर लावला. बावीस वर्षांचे डबे तिनेच भरले होते.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. ताईला शिवाजीनगरच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळत होता. बसचा पास आणि बसची गर्दी, दोन्ही आम्हाला अवघड. सायकलने जाते म्हणाली, तर बाबांनी नाही म्हटले. "लांब आहे. हॅरिस पूल, बोपोडी, खडकी, वाकडेवाडी. ट्रकचा रस्ता. मुलीला झेपायचे नाही."

ताई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांची सायकल मागून घेतली, आणि आमच्यापैकी एकाने घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत चालवून पाहिली. मीटरवर सात पूर्णांक चार. ताईने भागाकार केला. आठ किलोमीटर. मीटरचा काटा बाराच्या जवळपास राहिला होता, म्हणजे खरा वेग तेरा. वेळ लागला सदतीस मिनिटे. हे सगळे एका कागदावर लिहून तिने बाबांच्या डब्याच्या पिशवीत ठेवले. खाली एवढेच लिहिले होते, "तुमच्यापेक्षा एक किलोमीटर कमीच आहे, बाबा."

बाबांनी तो कागद कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचला. त्या आठवड्यात ते ताईबरोबर एकदा त्या रस्त्याने जाऊन आले, कुठे रस्ता अरुंद आहे आणि कुठे उतरून चालायचे ते दाखवले. पुढच्या पगाराला जुनी लेडीज सायकल घरी आली. ताई दोन वर्षे त्याच सायकलने कॉलेजला गेली. पुढे शिकली, नोकरीला लागली. आज ती एका शाळेत गणित शिकवते.

मीटरचे म्हणाल, तर त्याने १९९७ पर्यंत साथ दिली. मध्ये काटा थरथरायला लागला की चाचा केबल काढून आतल्या तारेला ग्रीस लावून देत. केबलला कुठे तीव्र वळण नको, तिला कोरडी ठेवायची नाही आणि पुढच्या चाकाचे छर्रे ढिले होऊ द्यायचे नाहीत, नाहीतर आरा जिभेवर आपटतो, एवढी तीन पथ्ये त्यांनी सांगितली होती. आकडा नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवला पोचून पुन्हा शून्यावर आला, तेव्हा ताईने कॅलेंडरवर तारखेला गोल केला. शेवटी एका पावसाळ्यात तार तुटली. तशी तार पुन्हा मिळाली नाही. मोटारसायकलची लावून पाहिली, टोक बसेना.

बाबा २००६ साली निवृत्त झाले. सायकल अजून आहे, तबकडी हॅण्डलवर तशीच तिरकी. नातवंडे आता सायकलला बॅटरीचा मीटर लावतात. त्यात सुरुवातीलाच चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरावा लागतो. परवा धाकट्या नातवाने डब्यावर छापलेला आकडा तसाच भरला. बाबांनी त्याला थांबवले. आतून खडू आणि आईचा टेप आणायला लावला.

"आधी स्वतःचं चाक मोज," ते म्हणाले. "मग मीटरवर विश्वास ठेव."