पुडीवर काय लिहिलं नव्हतं

आमच्या घरच्या ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं तीनच विषय चालतात. कुणाचे गुडघे कसे आहेत, कुणी कुठला शब्द चुकीचा लिहिला, आणि कुठल्या पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय छापलंय. माणसं नांदेड, लातूर, निलंग्याकडचं गाव आणि पुणे अशी विखुरलेली. राजकारण काढलं की दोन काका ग्रुप सोडून जातात, म्हणून ते कुणी काढत नाही. गुडघ्यांवरून अजून कुणी ग्रुप सोडलेला नाही.

गुडघ्यांचा विभाग आजीचा. ही माझ्या आईची आई. उभा जन्म खुरपणीत गेला. सोयाबीन येण्याआधी ज्वारी, करडई, तूर; नंतर सोयाबीन. पीक बदललं, बसायची तऱ्हा बदलली नाही. उकिडवं बसायचं आणि तसंच पुढं सरकत जायचं. घरी आलं की चूल जमिनीवर, भांडी जमिनीवर, संडासही उकिडवाच. गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळं तो झिजला की हाडासारखा भरून येत नाही. आमच्याकडं याला ‘वंगण संपलं’ म्हणतात, ‘गॅप पडला’ म्हणतात, कुणी ‘वाटी घासली’ म्हणतं. आजी यातलं काहीच म्हणत नाही. ती फोनसमोर तोंड नेऊन बोलते, “गुडघं दुखायलंय.”

फोनला हे झेपत नाही. तो बोललेलं लिहून देतो खरा, पण त्याला शिकवलेली मराठी वेगळी. ‘दुखायलंय’चं तो ‘दुखायला लय’ करतो, कधी ‘दुकानाला’ करतो. मग दुसरा विभाग सुरू होतो, तो मामाचा. मामा निवृत्त मराठी शिक्षक. तो खाली उत्तर टाकतो, “गुडघा दुखतो आहे. ‘गुडघा’तला ड साधा, घ जोडून. ‘गुढगा’ नव्हे.” आईला गुडघ्याचं काय झालं ही चौकशी त्यानंतरच्या मेसेजमध्ये.

मामाची चेष्टा सगळेच करतात, पण त्याला विषयाची खरी माया आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामल्यांचं १९११चं, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली, हे तो जेवताना वाढप्याच्या सहजतेनं वाढतो. माझं त्याच्याशी एकाच ठिकाणी वाजतं. ‘मी करायलो, तू करायलास, ती करायली, ते करायलेत’ हे आमचं मराठवाड्याचं रूप त्याला चूक वाटतं. मला त्यात चूक सापडत नाही. पुरुष बदलला की शेवट बदलतो, लिंग बदललं की बदलतो, वचन बदललं की बदलतो, आणि नांदेडच्या रिक्षावाल्यापासून आमच्या आजीपर्यंत सगळे तो एकाच पद्धतीनं बदलतात. मी दिवसभर संगणकासाठी नियम लिहिते. जे इतकं न चुकता चालतं त्याला आम्ही नियमच म्हणतो. तो पुस्तकात छापला गेला नाही एवढंच. पुण्यात ऑफिसात “कुठं जायलेत?” म्हटलं की लोक हसतात, ते चुकीला हसत नाहीत, गावाला हसतात.

तिसरा विभाग मामीचा. तिचं गावात किराणा दुकान आहे. दहावी झालेली, इंग्रजी अडखळत वाचते, पण पाकीट उलटं करून वाचण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असतात, म्हणजे यादीत पहिलं जे असेल ते सगळ्यात जास्त, हे मला तिनं सांगितलं. ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यावर बोट ठेवून म्हणाली, “बघ, मैदा, साखर, पाम तेल. ग्लुकोज कुठं आहे ते शोध.” परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो, तेरा मोजले तर ती माल परत करते. हिरवा ठिपका शाकाहारी, आणि मांसाहारीची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, ती २०२०च्या नियमांनी तपकिरी त्रिकोण झाली. रंग नीट न दिसणाऱ्यालाही आकारावरून कळावं, हा तिचा खुलासा. एकदा तिनं विचारलं, “हे ३२२ काय असतं गं?” मी शोधून सांगितलं: लेसिथिन, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला घालतात, बहुतेक वेळा सोयाबीनपासून काढतात. ती खूप हसली. लातूरच्या आडतीत क्विंटलनं जाणारं सोयाबीन तिच्याच दुकानात आकडा होऊन परत आलं होतं.

हे सगळं ती वाचते कारण तिला थोडं इंग्रजी येतं. आजीला येत नाही. आजी चौथी शिकलेली, मराठी पेपर रोज वाचते, चष्मा लावून भविष्यासकट. तिला पाकीट वाचता येत नाही, कारण पाकीट मराठीत नसतं. खाद्यपदार्थांच्या लेबलचा केंद्राचा नियम असा की सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. दुसरी कुठली भाषा जोडीला घालायची तर घालावी, सक्ती नाही. दुसरीकडं महाराष्ट्रानं २०२२मध्ये कायदा बदलून अगदी छोट्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक केली. मामीनं त्याप्रमाणं पाटी नीट रंगवून घेतली, मामानं ती तपासून दिली. आता दुकानाचं नाव शुद्ध मराठीत आहे आणि आतल्या मालात काय आहे ते इंग्रजीत.

तर या तीन विभागांची गाठ एका पुडीवर पडली.

बाजाराच्या दिवशी आजीला कुणीतरी गुडघ्याचं औषध आणून दिलं. काळपट पूड, कागदात बांधलेली, रोज सकाळी चिमूटभर कोमट पाण्यातून. आठवड्यात आजी देवळापर्यंत चालत गेली. महिन्यात मांडी घालून बसली. ग्रुपवर तिचा फोटो आला, खाली अंगठे आणि फुलं. पुडीच्या कागदाचाही फोटो आला. त्यावर छापलं होतं: ‘गुढगे दुखी वर रामबान उपाय’. मामानं त्याच फोटोवर लाल रेघा मारून परत पाठवला. गुढगेचं गुडघे, रामबानचं रामबाण, ‘दुखी वर’ जोडून. सगळे हसले. चुका खऱ्याच होत्या, दुरुस्त्याही अचूक होत्या.

मामीनं खाली एवढंच लिहिलं, “आत काय आहे ते लिहिलंय का?”

लिहिलेलं नव्हतं. घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना नाही, बॅच नाही, तारीख नाही. आयुर्वेदिक औषधालासुद्धा हे सगळं छापायची सक्ती आहे, ‘जडीबुटी आहे, तिला काय लेबल’ ही पळवाट कायद्यात नाही. मामी गेली तीन वर्षं चौदा आकडे मोजत होती म्हणून तिला कोरी जागा दिसली. आमचं बाकीच्यांचं लक्ष जे छापलं होतं त्यावर होतं. चुकीचं अक्षर डोळ्यात खुपतं. मुळात नसलेली ओळ शोधायला ती तिथं असायला हवी हे आधी माहीत असावं लागतं.

मामीनं स्वतःच आजीला लातूरला डॉक्टरांकडं नेलं, पुडी बरोबर घेऊन. तोवर आजीचा चेहरा गोल झाला होता; घरात सगळे “तब्येत सुधारली” म्हणत होते. साखर, जी कधी नव्हती, ती वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चेहऱ्याकडं पाहिलं, पुडीकडं पाहिलं आणि सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं. ते फारच कमी निघालं.

कॉर्टिसॉल शरीर स्वतः बनवतं, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींमध्ये. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की या ग्रंथी काम थांबवतात. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं ही डॉक्टरांना जुनी ओळखीची गोष्ट. ते सूज झपाट्यानं उतरवतं, म्हणून पूड खरंच गुण देते. त्याच वेळी साखर वाढवतं, रक्तदाब वाढवतं, हाडं पोकळ करतं. झिजलेली कूर्चा मात्र होती तिथंच राहते.

मामीला वाटलं होतं पुडी फेकली की विषय संपला. डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून बजावलं. झोपलेल्या ग्रंथी एका दिवसात जाग्या होत नाहीत. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. म्हणून पूड बंद, पण तिच्या जागी मोजून दिलेली गोळी, आणि ती आठवड्या-आठवड्यानं कमी करत जायची. जे चोरून पोटात जात होतं तेच आता नाव आणि मात्रा लिहून द्यायचं. त्यात काही महिने गेले.

आजीला राग पुडीचा आला नाही, आमचा आला. “माझं गुडघं थांबलं होतं की. तुम्ही परत चालू केलाव.” यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. दुखणं खरंच परत आलं होतं.

मग जे खरं आहे ते एकेक करून सुरू झालं. घरात खुर्चीचा संडास आला. ओटा आधीच होता, आजीसाठी त्याच्यापुढं उंच स्टूल आलं. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार कमी होतो, म्हणून झोपल्या-झोपल्या पाय सरळ उचलायचा व्यायाम. वजनाचा हिशोब मी सांगितला: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा जवळपास चार किलो भार उतरतो. आजीनं त्याच दिवशी चहातली बिस्किटं सोडली, दुसऱ्या दिवशी धरली, आता दोनावर आली आहे.

ऑपरेशनचं बोलणंही झालं. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्रानं ऑगस्ट २०१७मध्ये कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आणली, जी त्याआधी दीड लाखाच्या घरात होती. हॉस्पिटलचा, डॉक्टरांचा खर्च त्यावर वेगळा. मामीनं डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न मला फार आवडला: “त्या सांध्याच्या डब्यावर काय काय लिहिलेलं असतं?” कंपनी, मॉडेल, बॅच, सगळं असतं. ती म्हणाली, मग करायची वेळ आली तर ते कागद मला पाहिजेत. आजीनं अजून हो म्हटलेलं नाही.

लातूर जिल्ह्यात बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मानांकन म्हणजे तरी काय, एका लेबलवर गावाचं नाव छापायचा हक्क, आणि त्या नावाखाली दुसरं काही विकू न देण्याची जबाबदारी. डाळीला जे मिळालं ते आजीच्या औषधालाही मिळायला हवं, आणि तिला वाचता येईल अशा भाषेत.

ते होईल तेव्हा होईल. सध्या मामीनं दुकानात एक पुठ्ठा टांगलाय. साखर, मीठ, मैदा, पाम तेल, सोडा हे इंग्रजी शब्द पाकिटावर कसे दिसतात ते मोठ्या अक्षरात काढलंय आणि समोर मराठीत अर्थ. खाली एक ओळ आहे: ‘ज्यावर काहीच लिहिलं नाही ते औषध घेऊ नका, आधी आम्हाला दाखवायलेत का बघा.’ मामानं पुठ्ठा तपासला. ‘दाखवायलेत’पाशी त्याचा पेन थांबला, पण त्यानं ते तसंच ठेवलं. म्हणाला, गिऱ्हाइकाला कळतंय ना.