बाबागाडीचे वजन

शुक्रवार पेठेतील त्या घराला रस्त्यापासून ओट्यापर्यंत चार दगडी पायऱ्या आहेत आणि ओट्यावरून आत जाताना एक उंच उंबरठा. २०२४ च्या दिवाळीनंतर एका सकाळी त्या घरातील आजोबा या पायऱ्यांवरून सारखे वर-खाली करीत होते. डाव्या कडेवर दहा किलो ज्वारीची पिशवी आणि उजव्या हातात मिटलेली बाबागाडी. खाली उतरायचे, पिशवी खाली न ठेवता एका हाताने गाडी उघडायची, पुन्हा मिटायची आणि वर यायचे. समोरच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या शेजाऱ्यांनी शेवटी न राहवून विचारले, "शेठ, ज्वारी कुठे फिरायला निघाली?"

ज्वारी कुठेच जाणार नव्हती. जाणार होती ती चौदा महिन्यांची नात. तिचे वजन त्या वेळी साडेनऊ किलो होते आणि पिशवीतील अर्धा किलो आजोबांनी तिच्या कपड्यांसाठी धरला होता.

मुलगा आणि सून पुण्याला नोकरीत. मार्गशीर्षात दोघांना चार दिवसांची रजा मिळत होती आणि सर्वांनी मिळून श्रवणबेळगोळला जाऊन यावे असे ठरले होते. सोलापूरहून हासनपर्यंत थेट रेल्वे आहे, त्यामुळे रात्रभराचा प्रवास, मग मोटार आणि मग धर्मशाळा. तान्ह्या मुलाला घेऊन प्रवास म्हणजे बाबागाडी हवीच, असे मुलाने दूरध्वनीवरून सांगितले आणि ती निवडण्याचे काम आजोबांनी आपणहून अंगावर घेतले. चाळीस वर्षे चाटी गल्लीत टॉवेल आणि चादरींचा व्यापार केलेला माणूस. वस्तू हातात घेऊन वजन सांगायचे आणि कापड चुरगाळून त्याची जात ओळखायची, ही त्यांची सवय.

त्यांनी एक वही केली. नवी पेठेतील दोन दुकाने आणि पुण्यातील एक मोठे दुकान पालथे घालून त्यांनी रकाने भरले: वजन, मिटल्यावरची लांबी, चाकांचा व्यास, पाठ किती मागे कलते, पट्टे किती, किंमत. या चौकशीत त्यांच्या लक्षात आले की हलक्या बाबागाड्यांची मुख्यतः दोन कुळे आहेत. एक छत्रीसारखी मिटणारी, लांब दांडक्याची. दुसरी दोन-तीन घड्यांत बसून लहान सुटकेसएवढी होणारी.

छत्रीच्या कुळाची कथा त्यांना फार आवडली. ओवेन मॅक्लारेन नावाचे एक निवृत्त इंग्रज विमान अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाची चाके पंखांत कशी मिटावीत, या रचनेवर त्यांनी काम केले होते. पुढे नात झाली आणि मुलीला जड बाबागाडी ओढत प्रवास करताना त्यांनी पाहिले. विमानाचे जे पाय मिटतात, ते बाबागाडीचे का मिटू नयेत, असा विचार करून त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, सुमारे २.७ किलो वजनाची गाडी तयार केली. १९६५ साली पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९६७ पासून ती विकली जाऊ लागली. "आजोबांनीच केलेली वस्तू आहे ही," असे ते घरात दोनदा म्हणाले. त्याच नावाच्या कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्या २००९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण गाडी उघडताना बिजागरीत सापडून काही बालकांच्या बोटांची टोके तुटली होती. कंपनीने बिजागरीवर बसवायची आवरणे फुकट दिली. ही हकीकत कळल्यावर वहीत आणखी एक रकाना वाढला: बिजागरी झाकलेली आहे का. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर असू नये, हा नियमही त्यांनी त्याच पानावर लिहून ठेवला.

रेल्वेच्या दृष्टीनेही त्यांनी विचार केला. रेल्वेच्या डब्यात सोबत नेता येणाऱ्या ट्रंकेचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर इतके ठरलेले आहे. छत्रीसारखी गाडी बारीक असली तरी लांबीला या मापाच्या थोडी बाहेर जात होती. बाकाखाली सरकवली की तिचे टोक वाटेत येणार आणि रात्री कोणाचा तरी पाय अडकणार. घडीची गाडी बाकाखाली निमूट बसत होती. विमानाचा प्रश्न तूर्त नव्हता, परंतु मुलगा कधीतरी परदेशी जाईल या आशेने त्यांनी तेही माप लिहिले. हातातील सामानासाठी आंतरराष्ट्रीय विमान संघटनेने सुचविलेली कमाल मर्यादा ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर आहे. आपल्या देशांतर्गत विमानांत मर्यादा त्याहून कमी असते आणि वजन साधारण सात किलोपर्यंतच चालते.

चाकांविषयी दुकानदार फारसे बोलत नाहीत. गाडी हलकी करायची तर चाके लहान करावी लागतात आणि लहान चाक गुळगुळीत फरशीवर पाण्यासारखे चालते. शुक्रवार पेठेच्या रस्त्यावर मात्र ते पहिल्याच खड्ड्यात अडते आणि मूल पुढे झुकते. म्हणून खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन आणि पायांमधला एक, असे पाचही पट्टे बांधलेले हवेत. दांड्याला पिशव्या अडकवण्याचा मोह सर्वांनाच होतो. हलकी गाडी त्या भाराने मागे उलटते आणि बाळ उचलून घेतले की हमखास उलटते. दांड्यावरचे काळे आवरण पाहून आजोबांनी प्रत्येक दुकानात एक प्रश्न विचारला, "हे चामडे की रेक्झिन?" सगळीकडे रेक्झिनच निघाले. तरी विचारल्यावाचून त्यांनी एकही गाडी हातात घेतली नाही.

आजींचा या सर्व प्रकरणाला विरोध होता. त्या उघडपणे फारसे बोलत नसत. पण वही उघडली की त्या स्वयंपाकघरात काहीतरी आपटत. "आम्ही काय गाड्या घेऊन देवदर्शनाला गेलो? मूल कडेवर असते. घोड्याला खोगीर लागते, लेकराला नाही." पाच-सहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंतच्या किमती ऐकून तर त्यांनी हातच जोडले. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. आपल्याकडे आजीच्या जुन्या पातळाची झोळी होती, पाळणा होता, पुढे पांगुळगाडा होता, आणि घरात इतके हात होते की मूल जमिनीला टेकत नसे. बाबागाडीची गरज हात कमी झाले म्हणून निर्माण झाली. ती वस्तू घेताना हे मनात कोठेतरी बोचतेच.

आठवड्याभराने मुलगा, सून आणि नात सोलापूरला आले. तोपर्यंत आजोबांचा निर्णय झाला होता. ओळखीच्या दुकानदाराने दोन गाड्या पसंतीसाठी घरी पाठविल्या होत्या आणि त्यांतील हलकी, साडेचार किलोंची, आजोबांच्या मते सर्व रकान्यांत सरस होती. ओट्यावर त्यांनी ज्वारीची पिशवी कडेवर घेऊन प्रात्यक्षिक दाखविले. मुलाने करून पाहिले. मग गाडी सुनेपुढे आली.

तिने दांड्यावरील बटण अंगठ्याने दाबले. ते दबले नाही. पुन्हा दाबले, तेव्हा तिचा चेहरा क्षणभर आक्रसला आणि तिने हात मागे घेतला. "छान आहे, बाबा. हीच घेऊ," ती म्हणाली.

आजोबा समाधानाने वही मिटत होते. आजींनी मात्र सुनेचा हात धरला आणि मनगट उलटे करून पाहिले. "किती दिवसांपासून दुखतोय?"

चार महिन्यांपासून. डॉक्टरांना दाखविले होते. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेने जाणाऱ्या स्नायूबंधांना सूज येते, असे त्यांनी सांगितले होते. फ्रिट्झ द कर्व्हेन या स्विस शल्यवैद्याने १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले, त्यावरून त्याला त्याचेच नाव आहे. नव्या मातांना ते वारंवार होते, कारण बाळाच्या काखांत हात घालून, अंगठे ताणून, दिवसातून कित्येक वेळा त्याला उचलावे लागते. पट्टा बांधायचा आणि हाताला विश्रांती द्यायची, हा उपाय. पट्टा ती सासरी येताना काढून ठेवीत असे. विश्रांतीचा प्रश्नच नव्हता.

"सांगितले का नाहीस?" आजोबांनी विचारले. ती काही बोलली नाही. वहीत अकरा रकाने होते आणि गाडी प्रत्यक्षात जिच्या हातात राहणार, तिच्यासाठी एकही नव्हता, हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आले असावे. त्यांनी वही उघडली, थोडा वेळ पाहिली आणि पुन्हा मिटली.

रात्री जेवणे उरकल्यावर आजी ओट्यावर बसून बोलू लागल्या. घरात कोणी पूर्वी ऐकलेली नव्हती अशी गोष्ट त्या सांगत होत्या. १९९३ च्या डिसेंबरात गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक होता, तेव्हा सोलापूरहून गेलेल्या मंडळींत त्याही होत्या. आज बाप झालेला मुलगा त्या वेळी चौदाच महिन्यांचा होता. तेव्हा श्रवणबेळगोळला रेल्वे नव्हती; गाड्या आणि बस बदलत, गर्दीतून, मुलाला कडेवर घेऊन त्या पोहोचल्या. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या, अनवाणी, त्यालाच घेऊन चढल्या.

"वर गेले आणि हा रडायला लागला. भूक लागली होती, गर्दीला घाबरलाही होता. एका हाताने याला धरलेले, दुसऱ्या हाताने पदर. सगळे म्हणाले, मान वर करून बघ, केवढी मूर्ती! मला पाय दिसले, बाई. गुडघ्यापर्यंतच्या वेली दिसल्या. त्याच्यावर मान वर करायला मला झालेच नाही. तशीच खाली आले. मी बेळगोळला जाऊन आले असे सगळे म्हणतात. मीही हो म्हणते."

दगडातून कोरलेली ती मूर्ती सत्तावन्न फूट उंच आहे. चामुंडरायाने ती दहाव्या शतकात उभी करविली.

आजोबा त्या वेळी बरोबर होते. १९९३ ला त्यांनी पोटभर दर्शन घेतले होते आणि २००६ लाही ते एकटे जाऊन आले होते. ते बराच वेळ गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत सून सोबत गेली. तिने सहा गाड्या स्वतः उघडल्या-मिटल्या. जी तिला जमली ती आजोबांच्या आवडीच्या गाडीपेक्षा दीड किलोने जड होती. पण तिचे मिटणे अंगठ्यावर नव्हते. बैठकीखालचा पट्टा मुठीने वर ओढला की गाडी आपोआप घडी होऊन उभी राही आणि खांद्यावर अडकवायला रुंद पट्टा होता, म्हणजे मनगटावर भार येत नव्हता. पाठ जवळजवळ आडवी होत होती, त्यामुळे मूल तीत नीट झोपू शकणार होते. (अजून बसू न लागलेल्या बाळासाठी तर सपाट पाठ नसलेली गाडी घेऊच नये.) किंमत ठरविलेल्या रकमेहून जास्त होती. आजोबांनी घासाघीस केली नाही, ही त्या दुकानाच्या दृष्टीने त्या वर्षातील आश्चर्याची गोष्ट.

बैठकीवर अंथरायला मात्र त्यांनी दुकानातील गादी घेतली नाही. घरातील सोलापुरी टॉवेल दुमडून घातला. घाम टिपतो, रोज धुता येतो, आणि उन्हात सावलीसाठी पूर्ण गाडी कापडाने झाकायची नाही, आतली हवा कोंडून तापते, हेही त्यांनी मुलाला दोनदा बजावले. मार्गशीर्षात ऊन कसले, असे मुलगा म्हणाला नाही. तो शहाणा आहे.

प्रवास जसा व्हायचा तसा झाला. गाडी बाकाखाली राहिली, नात रात्री दोनदा उठली, हासनला उतरताना एक चप्पल हरवली.

विंध्यगिरीच्या पायथ्याशी पहाटेच दगड गार होता. पायऱ्यांवर बाबागाडीचा काही उपयोग नाही, हे सर्वांना ठाऊक होते. नातीला वर कोणी न्यायचे, याची चर्चा रात्री झाली होती आणि ती आजोबांनी एका वाक्यात संपविली होती: "ती खाली माझ्यापाशी राहील. तिला उद्या गावातल्या भंडारी बसदीत नेऊ, तिथे चढायचे नाही." आजींचे गुडघे चढण्याजोगे नव्हते. त्यांच्यासाठी डोली ठरविली होती. मुलगा आणि सून चालत निघाले. वळून पाहत सून पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या चढली, मग वळून पाहणे थांबले.

आजोबांनी चपला ठेवण्याच्या जागेजवळ सावली पाहून गाडी लावली, चाकांचा अडसर पायाने दाबला, पाठ आडवी केली. नात अर्धा तास माकडे पाहत राहिली, मग टॉवेलचे टोक चोखत झोपली. ते शेजारी दगडावर बसले. एक हात दांड्यावर.

अडीच तासांनी मंडळी खाली आली. डोलीतून उतरलेल्या आजींची मान किंचित अवघडली होती आणि त्या ती हाताने चोळीत होत्या. कोणी काही विचारले नाही. सून सवयीने नातीला उचलायला वाकली, तोच आजींनी तिला बाजूला केले.

"बसू दे गाडीतच. मी नेते."

त्यांनी दांडा हाती घेतला, चार पावले चालल्या आणि थांबल्या.

"दांडा जरा उंच हवा होता," त्या आजोबांना म्हणाल्या. "एवढी वही केली, तेवढे पाहिले नाही?"