कडीची अशरफी

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वाढलेल्या आम्हा मुलांना दौलताबाद म्हणजे सहलीचा किल्ला. चांदमिनार पाहायचा, अंधारी वाट चढायची, येताना पेरू खायचे. तिथे टांकसाळ होती, हे कोणी सांगितले नाही. शाळेने मुहंमद तुघलक शिकवला तो वेडेपणाचा नमुना म्हणून. १३२७ साली त्याने राजधानी इथे आणली, पुढे तांब्या-पितळेची नाणी काढली. त्यांतल्या कित्येकांवर दौलताबादचे नाव आहे. पण याच सुलतानाने बारा ग्रॅमांहून जड, देखण्या अक्षरांचा सोन्याचा दिनारही पाडला.

पितळी नाणे हौशी संग्राहकाला आजही मिळते, सोन्याचे क्वचित. पितळ वितळवून कोणाच्या मुलीचे लग्न होत नाही!

इंग्लंडातही हेच झाले. १२५७ साली तिसऱ्या हेन्रीने सोन्याची पेनी काढली. ती लोकांना रुचली नाही, बहुतेक मुशीत गेली. उरल्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक २०२१ मध्ये डेव्हनच्या शेतात सापडली आणि पुढच्या जानेवारीत लिलावात ६,४८,००० पौंडांना गेली. १३४४ साली, इकडे तुघलक तख्तावर असताना, तिसऱ्या एडवर्डने 'डबल लेपर्ड' हे सोन्याचे नाणे काढले आणि काही महिन्यांत मागे घेतले. तेही आज तसेच दुर्मिळ.

आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. कचेरी लांब, मूस जवळ.

आमच्या दादीअम्माकडे निजामाची एक अशरफी होती. एका बाजूला चारमिनार, वजन अकरा ग्रॅमांच्या आसपास. तुघलकाच्या आधीचा सोन्याचा टंकाही साधारण याच वजनाचा. बाकीच्या अशरफ्या १९४८ नंतरच्या दिवसांत एकेक करून विकल्या गेल्या. ही गळ्यात होती म्हणून वाचली. पोरीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा आम्ही ती दाखवायला नेली. सराफाने वजन केले, नाणे पाहिलेच नाही. संग्राहकाने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "कडी बसवलेली नसती तर चार पैसे जास्त दिले असते."

घरात दोन तट पडले. शेवटी अम्मीने आपल्या दोन बांगड्या काढून दिल्या. कडी उखडून नाणे चकचकीत करून घ्या, असेही एकाने सुचवले. आम्ही ऐकले नाही. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते हे एक, आणि ती कडी दादीअम्माने स्वतः सोनारापुढे बसून लावून घेतली होती.